जांगड, खोड आणि निजामाचं तिकीट

नेकनूरच्या बाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी आधी जबडा उघडून दात बघतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, हे कळलं की वय कळतं. मग चालवून बघतो, खुरं बघतो, विकणारा भला असेल तर जुंपूनही बघतो. एवढं करून घरी नेलेला बैल बसका निघाला, तर 'खोड लपवली' म्हणून चार माणसं घेऊन विकणाऱ्याच्या दारात उभा राहतो. टपालाच्या तिकिटालाही दाते असतात आणि मुरलेला संग्राहक ते मोजतो. दोन सेंटिमीटरांत किती छिद्रं बसतात, यावरून छपाई कुठली, अस्सल की मागाहून काढलेली, याचा अंदाज येतो. पण मोबाइलवर फोटो बघून तिकीट घेणाऱ्याला कागद उजेडात धरता येत नाही, मागच्या गोंदावरून बोट फिरवता येत नाही. आणि खोड निघालीच तर पुण्याहून किंवा लंडनहून चार माणसं घेऊन तो तुमच्या दारात येऊ शकत नाही. त्याच्या हाती उरते ती फक्त तुम्ही लिहिलेली परतीची अट.

आपल्या बीड जिल्ह्यात ज्यांच्या घरी जुनी पाकिटं आणि तिकिटं पडून आहेत आणि ती ऑनलाइन विकावीत असं वाटतंय, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहितोय. घेणाऱ्यांसाठीही थोडं आहे. माझं म्हणणं एवढंच, की माल परत घेण्याची तयारी हे गिऱ्हाइकावर केलेले उपकार नव्हेत. आपण केलेल्या वर्णनाला आपणच दिलेला तो जामीन आहे. जामीनच नाही म्हटलं तर भाव पडतो. वाटेल त्या गोष्टीला जामीन राहिलं तर आपण लुटले जातो.

ही कल्पना काही इंटरनेटबरोबर आलेली नाही. लग्नाच्या बस्त्याच्या वेळी ओळखीच्या दुकानातून साड्या जांगड आणायची रीत आपल्याकडे होतीच. दहा साड्या घरी न्यायच्या, घरातल्या बायकांना दाखवायच्या, पसंत पडतील त्या ठेवायच्या आणि बाकीच्या घडी न मोडता परत करायच्या. तिकिटांच्या धंद्यातही हेच चालायचं. व्यापारी छोट्या वहीत तिकिटं अडकवून, प्रत्येकाखाली किंमत लिहून ती वही टपालाने पाठवायचा. संग्राहक हवी ती तिकिटं काढून घ्यायचा आणि उरलेली वही पैशांसकट परत पाठवायचा. जांगडच ती, फक्त पोस्टातून. मराठी प्रकाशकांना आणखी एक प्रकार चांगला ठाऊक आहे, तो म्हणजे न सोडवलेली व्हीपी, पोस्टमनला पैसे देऊन सोडवायचं पार्सल. पुस्तक मागवणारा पोस्टमनला 'नको' म्हणाला की टपालखर्च प्रकाशकाच्या बोकांडी. परतीची भीती विक्रेत्याला तेव्हापासून आहे, आणि ती रास्त आहे.

तरीही आकडे भीतीच्या उलट बाजूला झुकतात. परतीच्या धोरणांवर तोवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2016 साली 'जर्नल ऑफ रिटेलिंग' या नियतकालिकात आला. परतीची अट सैल केली तर परत येणारा माल वाढतो खरा, पण त्याहून जास्त विक्री वाढते, असं त्यातून निघालं. गंमत म्हणजे परतीची मुदत लांबवली की माल परत येण्याचं प्रमाण उलट कमी होतं. तिकिटाच्या बाबतीत हे लगेच पटतं. तीनच दिवस दिले तर माणूस घाबरून दुसऱ्याच दिवशी परत पाठवतो. महिना दिला तर निवांत बघतो, जाणकाराला दाखवतो, तोवर ते तिकीट अल्बमात रुळतं आणि त्याचंच होऊन जातं.

आता आपल्याकडच्या मालाकडे वळू. सप्टेंबर 1948 मधल्या पोलीस कारवाईपर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि या संस्थानाचं टपालखातं स्वतःचं होतं. पहिलं तिकीट निघालं 1869 मध्ये. पुढच्या तिकिटांवर उर्दूबरोबर इंग्रजी, मराठी आणि तेलुगू अक्षरंही दिसतात. 1931 च्या चित्रमालिकेत एक आण्यावर चारमिनार आहे, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार. ही तिकिटं संस्थानाच्या हद्दीतच चालायची आणि 1950 मध्ये ती व्यवहारातून गेली. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होतं, आणि अशा गावांचे शिक्के स्पष्ट उमटलेली पाकिटं शोधणारे लोक आजही आहेत, देशात आणि देशाबाहेरही.

म्हणूनच पहिली सूचना: पाकिटावरचं किंवा दस्तावरचं तिकीट कापू नका, भिजवून सोडवू नका. अख्खं पाकीट, त्यावरचा शिक्का, मोडीतला पत्ता हे सगळं मिळून त्याची किंमत होते. दुसरं कारण आपल्या जिल्ह्यापुरतं जास्त महत्त्वाचं आहे. 2023 मध्ये राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून उर्दू आणि मोडी कागदाकडे बघण्याची आपली नजरच बदलली आहे. ट्रंकेतला जो कागद तुम्ही आठशे रुपयांच्या तिकिटापायी विकायला काढाल, तोच उद्या घरातल्या पोराच्या जातीच्या दाखल्यासाठी लागायचा. आधी वाचून घ्या. उर्दू वाचणारी जुनी माणसं बीड, अंबाजोगाई, परळीत अजून सहज भेटतात. त्यांच्याकडे जायचं दुसरं कारण असं, की संस्थानाच्या कचेऱ्यांसाठीच्या तिकिटांवर उर्दूत 'सरकारी' असा छाप मारलेला असतो. तो वाचता आला नाही तर वर्णन चुकतं, आणि वर्णन चुकलं की माल परत येतो.

वर्णन कसं चुकतं याचा माझा स्वतःचा नमुना सांगतो. वडिलांच्या ट्रंकेतल्या पावत्यांवरची काही तिकिटं मी 'निजाम सरकारची टपाल तिकिटं' म्हणून विकायला ठेवली. पुण्याच्या एका गृहस्थांनी घेतली. आठवड्याभरात त्यांचा फोन आला, "सर, ही रसीदी तिकिटं आहेत, पोस्टाची नाहीत." मी आधी तावातावाने भांडलो. जाहिरातीत परतीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे 'विकला तो विकला' असं म्हणायला मी मोकळा होतो. मग भिंग घेऊन बसलो आणि त्यांचं बरोबर निघालं. रसीदी तिकीट, कोर्ट फी स्टॅम्प, स्टॅम्प पेपरवरचा ठसा आणि टपालाचं तिकीट या चारही गोष्टींवर निजाम सरकारचं नाव असतं, आणि आपल्या घरांत टपालाच्या तिकिटांपेक्षा बाकीच्या तिन्हींचाच सुकाळ असतो, कारण आपले आजोबा पत्रं कमी लिहायचे आणि दावे जास्त लढायचे. रसीदी तिकिटांचेही संग्राहक असतात. पण टपालाचं म्हणून विकलं की ते खोडीचं जनावर ठरतं.

दुसरी नेहमीची खोड म्हणजे 'मिंट' हा शब्द. मिंट म्हणजे न वापरलेलं आणि मागचा मूळ गोंद शाबूत असलेलं तिकीट. पूर्वी तिकिटं अल्बमात लावायला कागदी हिंज वापरत. तो काढला की गोंदावर चौकोनी डाग उरतो. असा डाग असलेल्या तिकिटाचा भाव बिनडागी तिकिटापेक्षा बराच उतरतो. समोरून काढलेल्या फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून मागच्या बाजूचा फोटो न देता 'मिंट' लिहिणं म्हणजे वाद विकत घेणं.

तिसरी खोड नकलेची. 15 ऑगस्ट 1948 ला गांधीजींची चार तिकिटं निघाली. ती स्वित्झर्लंडमध्ये कूर्व्हाजिए या छापखान्यात छापलेली होती. त्यातल्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला इतक्या फिरतात, की कुणाच्या जुन्या वहीत ते सापडलं तर आनंद होण्याआधी संशय यावा. निजामाच्या सुरुवातीच्या तिकिटांचीही पुढे पुनर्मुद्रणं निघाली. तुम्हाला खात्री नसेल तर तसं लिहा. 'अस्सल असल्याची खात्री देत नाही, फोटो पाहून ठरवावे' असं लिहिल्याने किंमत कमी येईल, पण पुढचं शुक्लकाष्ठ टळेल.

सुगंधी तिकिटांबद्दल जाता जाता सांगतो. टपालखात्याने 2006 मध्ये चंदनाचा वास असलेलं तिकीट काढलं होतं. 'वास येत नाही' म्हणून ते परत पाठवणारे भेटतात. इतक्या वर्षांनी वासाचा जामीन कुणी राहू नये. तसं जाहिरातीतच लिहून टाकावं.

कायदा काय म्हणतो ते बघू. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदतच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मोंढ्यातल्या प्रत्येक बिलाखाली छापलेलं 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य म्हणजे तेवढ्यापुरती शाई वाया. जुलै 2020 मध्ये आलेले ई-कॉमर्स नियम आणखी स्पष्ट आहेत. संकेतस्थळावरून विकणाऱ्याने सदोष किंवा बनावट माल, जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेला माल परत घ्यायला नकार देऊ नये. उशिराला दैवी आपत्ती कारण असेल तेवढा अपवाद. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात, ही जबाबदारी त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याची.

यात एक बारकावा आहे. एखादी व्यक्ती नियमित धंदा म्हणून नव्हे, तर खासगीपणे काही विकत असेल तर हे ई-कॉमर्स नियम तिला लागू होत नाहीत. वाड्याची वाटणी झाली आणि त्यातली एक पेटी तुम्ही विकून टाकलीत तर तुम्ही त्यातून सुटता. पण दर आठवड्याला दहा तिकिटं टाकत असाल तर 'मी आपला हौशी' हे म्हणणं टिकायचं नाही. आणि घेणाऱ्याने याचीच उलट बाजू ध्यानात ठेवावी: व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात अनोळखी हौशी माणसाला यूपीआयने पैसे पाठवले की परतीची अट फक्त त्याच्या सज्जनपणावर उभी असते. पैसे घेऊन माणूस गायबच झाला तर तो परतीचा प्रश्न उरत नाही, ती फसवणूक आहे; तेव्हा वेळ न घालवता 1930 ला फोन करावा. ग्राहक म्हणून दाद मागायची असेल तर 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता मुंबईचा असला तरी बीडला बसून. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

मग अट लिहायची कशी? मी आता साधारण असं लिहितो: 'वर्णनाशी न जुळल्यास तिकीट मिळाल्यापासून 30 दिवसांत परत घेतले जाईल. किंमत आणि दोन्ही वेळचा टपालखर्च मी देईन. केवळ पसंत न पडल्यास 14 दिवसांत परत घेईन. परतीचा टपालखर्च घेणाऱ्याचा. तिकीट पाठवले त्याच स्थितीत असावे. भिजवलेले, हिंज लावलेले किंवा पाकिटातून कापलेले परत घेतले जाणार नाही. मिश्र गठ्ठे आहे त्या स्थितीत विकले आहेत.' शेवटच्या वाक्याला लिलावांतला जुना रिवाज आहे. शेकडो तिकिटांचा गठ्ठा परत आला तर त्यातली चार चांगली काढून घेतली की नाही हे कुणी मोजायचं? पण गठ्ठ्यालाही 'यात निजामाची किमान 50 तिकिटं' असं लिहिलं असेल, तर तेवढ्या आकड्याला तुम्ही बांधील आहात.

महागाच्या तिकिटाला आणखी एक सवलत द्यावी लागते. घेणारा म्हणेल, मला तज्ज्ञांचा दाखला घ्यायचाय. असे दाखले देणाऱ्या संस्था आहेत, लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी त्यातलीच, आणि त्यांना तपासायला आठवडे, महिने लागतात. मोठी लिलावगृहं अशा वेळी मुदत वाढवून देतात. मात्र खरेदीनंतर लगेच तसं कळवावं लागतं. आपणही तेच करावं: सात दिवसांत कळवलं तर दाखला येईपर्यंत मुदत वाढेल, तिकीट खोटं ठरलं तर पैसे परत, खरं ठरलं तर दाखल्याचा खर्च घेणाऱ्याचा.

स्वस्त तिकिटाचा हिशेब वेगळा. चाळीस रुपयांचं तिकीट परत मागवायला त्याच्या किमतीहून जास्त खर्च होणार असेल, तर 'तुमच्याकडेच असू द्या' म्हणून पैसे पाठवून द्यावेत. मी वर्षाकाठी अशा दोन-तीन तिकिटांवर पाणी सोडतो. चाळीस रुपयांसाठी मारलेला वाईट शेरा वर्षभर जाहिरातीखाली लोंबत राहतो.

अदलाबदलीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. चांगलं तिकीट ठेवून घेऊन त्याच जातीचं फाटकं परत पाठवणारे महाभाग आहेत. यावर उपाय दात्यांचाच. कुठल्याही दोन तिकिटांचे दाते तंतोतंत सारखे नसतात, एखादा आखूड असतो, एखाद्याचा कोपरा दुमडलेला असतो. शिक्काही प्रत्येकावर वेगळ्या जागी बसतो. मोबाइलच्या फोटोऐवजी स्कॅनरवर 600 डीपीआयला दोन्ही बाजूंचं स्कॅन काढा, काळ्या कागदावर ठेवून, म्हणजे दाते उठून दिसतात. तेच स्कॅन जाहिरातीत टाका आणि मूळ फाइल जपून ठेवा. बीडमध्ये झेरॉक्सच्या दुकानांत स्कॅन करून मिळतं. फक्त तिकीट चिमट्याने ठेवा आणि काचेवरून चिमट्यानेच उचला, दुकानातल्या पोराच्या हाती देऊ नका.

पाठवताना पावसाळा ध्यानात घ्या. आपला जिल्हा दुष्काळासाठी बदनाम असला तरी जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत गोंदवालं तिकीट पाकिटाला चिकटायला एक रात्र पुरते, आणि परतीचा माल तोच प्रवास दोनदा करतो. तिकीट आधी ग्लासीनच्या बटरपेपरसारख्या पुडीत, मग दोन जाड पुठ्ठ्यांच्या मधे, आणि सगळ्यात बाहेर प्लॅस्टिक. तिकिटाला लागून प्लॅस्टिक नको. 1 सप्टेंबर 2025 पासून देशांतर्गत रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा काउंटरवर 'रजिस्ट्री' मागितली तर स्पीड पोस्टच मिळेल. किंमतवान मालाला नोंदणीची जोड मागून घ्या आणि पावती परतीची मुदत संपेपर्यंत फेकू नका.

परदेशात विकायचं असेल तर जरा थांबा. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंबरोबरच 75 वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोलाचे दस्तही येतात, आणि असे पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. निजामाच्या राजवटीतला प्रत्येक कागद आता पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला आधी घ्यावा. हा अडसर पार केला तरी तिकडून परत येणारं पाकीट दोन देशांच्या जकातीतून येतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने लहान मालावरची जकातमाफी काढली, तेव्हा आपल्या टपालखात्याने तिकडची बहुतेक पार्सलं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबवली होती. तीस दिवसांची मुदत दिलेल्यांनी अशा वेळी काय करायचं? म्हणून परदेशी विक्रीत मुदत माल पाठवल्यापासून नव्हे, पोचल्यापासून मोजावी. आणि ईबेसारख्या ठिकाणी तुम्ही 'परत नाही' लिहिलंत तरी वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाचे पैसे घेणाऱ्याला त्यांच्या हमीखाली परत मिळतात, तेव्हा तिथे नकाराची पाटी लावून गिऱ्हाईक पळवण्यात काही हशील नाही.

परतीचं पाकीट दारात आलं की घाईने फाडू नका. मोबाइल कशाला तरी टेकवून व्हिडिओ सुरू करा, पाकिटावरचा पत्ता आणि पोस्टाचा शिक्का दाखवा, मग उघडा. तिकीट स्कॅनशेजारी ठेवून चारही बाजूंचे दाते आणि शिक्क्याची जागा ताडून बघा. जुळलं तर त्याच दिवशी पैसे पाठवा आणि जाहिरात पुन्हा टाकण्याआधी ज्या शब्दामुळे ते परत आलं तो शब्द बदला. पुण्याच्या त्या गृहस्थांनी परत केलेली रसीदी तिकिटं मी 'रसीदी' असंच लिहून पुन्हा ठेवली. किंमत आधीच्या निम्मी लावली, आणि ती अजून तिथेच आहेत.